पान एकशे बारा

यादी सकाळी दहाला लागली आणि दहा वाजून चार मिनिटांनी श्रीरंग कुलथ्यांना घाम फुटला.

लोकमित्र वाचनालयाच्या भिंतीवरच्या पडद्यावर दहा पुस्तकांची नावं आली होती. वाचककौल पुरस्कार २०४४, प्राथमिक यादी. सातव्या क्रमांकावर 'टेलचं पाणी', लेखिका मृदुला कुलथे. मृदुला म्हणजे ग्रंथपाल श्रीरंगरावांची बायको. पुस्तक तेवीस वर्षांपूर्वीचं, एका आवृत्तीत संपलेलं, कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं. त्रेचाळीस वाचकांनी ते उचलून धरलं, असं पडद्यावर लिहिलं होतं. त्या त्रेचाळिसांतले चाळीस जण श्रीरंगराव स्वतःच होते.

"पेढे कुठंयत?" मालनबाई गाडेकरांनी दारातूनच विचारलं. मालनबाई शिरसपूरच्या या वाचनालयाच्या सगळ्यात जुन्या सभासद. रोज सकाळी येत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ठाण मांडत. "बायकोचं नाव लागलं आन् तुम्ही असं गारठल्यावानी काय उभं?"

"आणतो, आणतो," श्रीरंगराव म्हणाले आणि खाली बसले.

हा घोळ कसा झाला ते सांगायचं तर आधी 'वाटाड्या'ची ओळख करून द्यायला हवी.

वाचनालय कुठलंही असो, वाचक कपाटासमोर उभा राहून एकच गोष्ट मागतो : "काहीतरी चांगलं द्या." आता चांगलं म्हणजे काय, आणि कुणाला? नऊ वर्षांपूर्वी काही हुशार मंडळींच्या लक्षात आलं की याचं उत्तर जुन्या पुरस्कारांच्या याद्यांत पडलेलं आहे. साठ-सत्तर वर्षं, प्रत्येक भाषेत, डझनावारी पुरस्कार. प्रत्येकाची आधी एक लांबलचक यादी, मग छोटी, मग एक विजेता. विजेता पुष्कळदा तडजोडीतून निघतो. तिघा परीक्षकांपैकी कुणालाच जे नावडत नाही, ते जिंकतं. खरी आवड दिसते ती लांब यादीत. कोणतं पुस्तक कोणत्या पुस्तकाशेजारी बसलं, कोणत्या समितीने काय उचललं, हे सगळं वाटाड्याने पचवलं आणि प्रत्येक पुस्तकाला नकाशावर असावी तशी एक जागा दिली.

मग वाचकाची पाळी. वाचनालयात प्रत्येकाला एक पातळ पाटी मिळे आणि तिच्या कडेला बारीक कॅमेरा असे. माणसाचा डोळा ओळीवरून सरकत जातो असं आपल्याला वाटतं, पण तो उड्या मारतो. उडी, पाव सेकंद विसावा, पुन्हा उडी. काही लागलं की मागे येतो, पुन्हा वाचतो. जिथे तो थांबतो आणि परततो, तिथे त्या माणसाची आवड असते. तोंडाने तो काहीही सांगो. पाच पुस्तकांतली दहा-दहा पानं वाचली की कोणत्या परीक्षक समितीशी तुमचा डोळा जुळतो ते वाटाड्या सांगे. मालनबाईंचा डोळा १९९८च्या एका समितीशी जुळला. त्या समितीतले तिघेही कधीच वारले होते आणि शिरसपूर त्यांनी नकाशावरही पाहिलं नसेल. पण मालनबाई रोज आल्या आल्या विचारत, "माझ्या तिघांनी आज काय काढलंय?" जन्मभर पोथ्या वाचलेली ही बाई आता मणिपुरी कादंबरीचा अनुवाद संपवून ओडियाकडे वळली होती. श्रीरंगरावांना तेव्हा कोण आनंद झाला होता. वाटाड्याचं कौतुक करणारा लेख त्यांनी स्वतः लिहून जिल्ह्याच्या अंकात छापून आणला होता.

पण जे पुस्तक कुठल्याच यादीत कधी आलं नाही, त्याला त्या नकाशावर जागाच नव्हती. वाटाड्याला ते दिसत नसे. चुकूनही तो ते कुणाला सुचवत नसे. आणि सरकार ते सरकार. त्यांनी परिपत्रक काढलं. यादीबाहेरच्या पुस्तकाला वर्षात पाच वेगवेगळ्या सभासदांची पूर्ण वाचनं मिळाली पाहिजेत, नाहीतर ते बाद. पाटीवरूनही आणि कपाटातूनही. उगाच जागा अडवायची कशाला?

पहिल्या वर्षीचा डिसेंबर उजाडला तेव्हा 'टेलचं पाणी'ची वाचनं होती शून्य.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी श्रीरंगरावांनी वाचनालय उघडलं, दार आतून लावलं, कैलासवासी सभासद विष्णुपंत डोळसांचं कार्ड पाटीला लावलं आणि वाचायला बसले. स्वतःच्या कार्डावर वाचता आलं असतं. नियमात बसत होतं. पण ग्रंथपालाने बायकोचं पुस्तक वाचून वाचवलं, असं कुणी म्हणायला नको. वशिल्याचा श्रीरंगरावांना भारी तिटकारा. म्हणून स्वतःचं नाव स्वच्छ ठेवण्यासाठी त्यांनी मेलेल्या माणसांची नावं वापरली. इतका सरळ माणूस.

पानं नुसती उलटून वाटाड्या फसत नसे. दोनशे आठ पानं खरोखर वाचावी लागत, साडेपाच तास. वर्षातून पाचदा, आठ वर्षं. कधी चष्मा बदलून, कधी खुर्ची बदलून, कधी सावकाश, कधी भरभर. सगळं बदलायचं, पण पान एकशे बारा आलं की ते थांबायचे.

त्या पानावर काय होतं ते सांगतो. कादंबरीची नायिका रखमा, कालव्याच्या गेटवर कामाला. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला, तीन वर्षं पाणी पोचलेलं नाही. वरच्यांचा हुकूम आहे की गेट उघडायचं नाही. टेलची माणसं पहाटेपासून बांधावर बसून आहेत. रखमा गेटच्या चाकावर दोन्ही हात ठेवते. प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात तीन महिने उलटलेत आणि रखमाची नोकरी गेलीय.

मृदुलाने हे प्रकरण असं संपवलं नव्हतं. तिने आणखी एक ओळ लिहिली होती : 'आणि तिने चाक फिरवलं.' ती पानाच्या तळाची ओळ छापताना गळली. रखमा नुसतीच उभी राहिली. त्या वर्षी पुस्तक एका पुरस्काराला पाठवलं होतं, तिथून अभिप्राय आला : 'भाषा जिवंत, मात्र नायिका ऐन वेळी काहीच करत नाही.' मृदुला पाटबंधारे खात्यात कारकून होती. तिने तो कागद घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला आणि पुन्हा लिहिलं नाही.

"प्रेसवाल्याने घाण केली," श्रीरंगरावांनी तेव्हा तिला सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की शेवटची मुद्रितं तपासायला आली तेव्हा मृदुला नाशिकला खात्याच्या प्रशिक्षणाला गेली होती. वाचनालयात वार्षिक ग्रंथमोजणी चालू होती. प्रेसचा माणूस दारात उभा. श्रीरंगरावांनी न वाचता खाली लिहून दिलं, 'छापण्यास हरकत नाही', आणि सही केली. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची पानं मोजणाऱ्या माणसाने घरच्या पुस्तकाचं एक पान पाहिलं नाही. पुढे प्रकाशनही बंद पडलं, त्यामुळे पाटीवरच्या प्रतीत दुरुस्ती करायचा अधिकारच कुणाकडे उरला नाही.

तर चाळीस वेळा ते त्या पानावर थांबले. ओळ नसताना अर्थ लागतो का ते पाहत बसले. दर वेळी चार-चार मिनिटं. वाटाड्याला अपराध कळत नाही, त्याला थांबणं कळतं. यंदापासून सरकारने वाचकांच्या डोळ्यांवरूनच नवी पुरस्कारयादी काढायची ठरवलं. अट एवढीच की पुस्तकाची किमान चाळीस वाचनं झालेली असावीत. वाटाड्याने पाहिलं : एक पुस्तक, त्रेचाळीस वाचनं (त्याच्या लेखी प्रत्येक वाचन म्हणजे एक वाचक), आणि त्रेचाळिसांपैकी त्रेचाळीस जण एकाच पानावर खिळून राहतात. असं आजवर कुठल्याही पुस्तकाचं झालं नव्हतं. त्याने ते सातव्या क्रमांकावर नेऊन बसवलं.

*

"त्रेचाळीस माणसं, अहो!" मृदुला दुपारी घराच्या दारातच उभी होती. दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली होती, पण आज कॉलेजातल्या मुलीसारखी दिसत होती. "मी त्यांना ओळखत नाही, ती मला ओळखत नाहीत. कुणी भीड घालून वाचायला लावलेलं नाही. कुणाला काय पडलंय हो?"

"हो ना," श्रीरंगराव म्हणाले.

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला तर. इतका झालाय की सुचत नाहीये काही."

तिने त्यांना आतल्या खोलीत नेलं. टेबलावर कागदांची एक जाड चळत होती, वर मोकळं पान.

"तुम्हाला सांगितलं नव्हतं. दुसरी. एकशे नव्वद पानं झालीत. वाटाड्यावर लेखकाला आपल्या पुस्तकाचा आकडा बघता येतो ना? दोन वर्षांपूर्वी सहज बघितला, तर तीस. तीस जण! मग वाटलं, माणसं वाचतायत तर आपण कशाला रुसून बसायचं? ज्या दिवशी लिहवत नाही त्या दिवशी आकडा बघते."

श्रीरंगरावांनी वरचं मोकळं पान उगाच सरळ केलं.

"जिल्ह्याहून पत्र आलंय तुमच्याकडे?" तिने विचारलं. "बातमीत होतं, यादीतल्या पुस्तकांची पडताळणी व्हायचीय म्हणून."

पत्र आलं होतं. नऊ दिवसांनी पडताळणी अधिकारी येणार होत्या. एरवी वाचकांच्या डोळ्यांची कच्ची नोंद त्या त्या वाचनालयाच्या पेटीत कुलूपबंद राहते. बाहेर जाते ती फक्त गोळाबेरीज. पुरस्कारासाठी मात्र पेटी उघडायची होती. पत्राच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की माणसाच्या डोळ्याच्या उड्या त्याच्या चालीइतक्याच त्याच्या स्वतःच्या असतात. चष्मा बदला, वेग बदला, उडीची लांबी आणि विसाव्याचा ठेका बदलत नाही. श्रीरंगरावांनी तो परिच्छेद इतक्यांदा वाचला की पाटीवर वाचला असता तर त्यालाही पुरस्कार मिळाला असता.

बुडत्या माणसाने धरावं असं त्यांच्यापाशी एकच काही होतं. चाळीस वाचनं त्यांची. तीन त्यांची नव्हती. गेल्या दोन वर्षांत कार्ड क्रमांक २२०७वर कुणीतरी 'टेलचं पाणी' तीनदा वाचलं होतं. त्यांनी तो आकडा पाहिला होता आणि मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडले होते. कार्ड कुणाचं ते मात्र कधी काढून पाहिलं नव्हतं. वाचक काय वाचतो याची चौकशी करायची नाही, हा त्यांचा जुना नेम.

आता नेम बिम कसला. एक खरा वाचक हातात असला तर मृदुलाला सांगता येईल, सगळे खोटे नव्हते गं. ते एक तोंडभर वाक्य हवं होतं त्यांना. त्यांनी नोंदवही उघडली. २२०७ : नलिनी खर्डे, पाटबंधारे वसाहत.

*

"या की, श्रीरंगभाऊ," नलिनीबाई पडवीत शेंगा निवडत होत्या. "पेपरात वाचलं सुनेनं. मृदुलाचं नाव आलं म्हणं."

"तुमच्यामुळे आलं, नलिनीताई. तुम्ही तीनदा वाचलंत. मला ते बोलून दाखवायचं होतं. काय आवडलं तुम्हाला त्यात?"

नलिनीबाईंनी शेंगांवरचा हात थांबवला.

"म्यां? आवं मला कुठं दिसतंय? दोन्ही डोळ्यांचं आपरेशन झालंय, त्या पाटीवर निस्तं पांढरं पांढरं दिसतं." त्या जरा घोटाळल्या. "तिनं सांगितलं नाही व्हय तुम्हाला? कार्ड मृदुला घेऊन गेली ना. म्हणली, माझंच पुस्तक मला वाचून बघायचंय, पण माझ्या नावावर नको, लोक हसतील. मी म्हणलं, ने बाई. आता तुम्ही सांगू नका हां तिला, मी बोलले म्हणून."

श्रीरंगराव उठले. नलिनीबाई चहाचं म्हणत होत्या ते त्यांना ऐकूही आलं नाही. वसाहतीच्या फाटकाशी येऊन ते उन्हात उभे राहिले. तेवीस वर्षांत या पुस्तकाला दोनच वाचक मिळाले होते. एकाने त्यातली ओळ घालवली होती आणि दुसरीने ती लिहिली होती, म्हणून दोघंही एकाच पानावर थांबत होती.

घरी गेले तेव्हा मृदुला लिहीत होती. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"मृदुला, ते चाळीस जण मी आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं : परिपत्रक, विष्णुपंतांचं कार्ड, डिसेंबरातल्या सुट्ट्या, पडताळणी. सांगताना ते तिच्या हातातल्या पेनाकडे बघत होते. तिने त्याला टोपण लावलं, तेव्हा ते बोलायचे थांबले.

"म्हणजे मी ज्यांच्यासाठी लिहीत होते..."

"पुस्तक बाद झालं असतं गं."

"होऊ द्यायचं होतं!" ती ओरडली. मृदुला कधी ओरडत नसे. "मला हजार नको होते हो. एक पुरला असता. एक अनोळखी माणूस. तुम्ही मला चाळीस दिलेत आणि तो एकही काढून घेतलात."

श्रीरंगरावांना रडू फुटलं. तिला नाही.

"एक सांगा," ती म्हणाली. "पडद्यावर लिहिलंय, सगळे एकशे बारावर थांबतात. मी का थांबते ते मला माहीत आहे. तुम्ही का थांबलात? चाळीस वेळा?"

सांगायची वेळ हीच होती. एवढं सांगितलं होतं, आणखी एक वाक्य बोलायचं होतं. पण ज्या सहीने तिची रखमा चाकापाशी गोठवली, ती सही आपली, हे आज, या तोंडावर सांगायला त्यांची जीभ रेटेना.

"आवडतं ते पान," ते म्हणाले.

मृदुलाने कागदांची चळत उचलून कपाटात ठेवली, कपाट लावलं आणि स्वयंपाकघरात गेली. त्यानंतरचे सात दिवस घरात भाजी, गॅस आणि दूध यांपलीकडे एक शब्द झाला नाही.

*

पडताळणी अधिकारी शबाना आतार तिशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी पेटी उघडली, तासभर पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"कुलथे सर, मला जे दिसतंय ते तुम्हाला माहीत असणार."

"माहीत आहे. मी लिहून देतो."

"यादीतून नाव काढावं लागेल. तुमच्यावर कारवाई होईल, तुमचं कार्ड आजपासून बंद. मॅडमची तीन वाचनंही धरता येणार नाहीत, लेखिकेचं वाचन चालत नाही." त्यांनी पुढची नोंद पाहिली. "यादी लागल्यापासून वाटाड्याने हे पुस्तक राज्यभर सुचवलंय. सहाशे बारा जणांनी उघडलं. शेवटपर्यंत वाचलं चौघांनी."

"चौघांनी?" श्रीरंगराव खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे अनोळखी माणसांनी?"

"हो. एकशे बारावर मात्र त्यांच्यातलं कुणीही थांबलेलं नाही. आणि चार पुरत नाहीत सर. यादीबाहेर गेलं की जुना नियम लागतो, पाच हवीत. या वर्षाची नोंद आज पाचला बंद होते." त्या जरा पुटपुटल्याच, "तुम्ही एकदा जरी स्वतःच्या कार्डावर वाचलं असतं तरी पाच झाली असती."

श्रीरंगरावांनी टेबलाची कड धरली. चाळीस वेळा वाचलं, पण स्वतःच्या नावावर एकदाही नाही. दीड वाजला होता. त्यांनी वेड्यासारखं हॉलभर पाहिलं. आठ वाचक, आठ पाट्या. आणि खिडकीजवळ मालनबाई.

"मालनबाई, काय वाचताय?"

"तुमच्या मंडळींचंच की. माझ्या तिघांना बाजूला सारून घेतलंय. शहाण्णव पान झालं."

"पाचच्या आत संपवाल? हात जोडतो. एकही पान गाळू नका, पण संपवा."

"आसं का मागं लागलाय?" मालनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. साठीतला माणूस खरंच हात जोडून उभा होता. "बरं बरं. बघते."

शबाना आतारांनी मान हलवली. "खरं वाचन असेल तर माझी काही हरकत नाही."

श्रीरंगराव पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. जवळ बसलं तर बाईंचं लक्ष उडेल आणि लांब गेलं तर आपला जीव जाईल, असं अंतर त्यांनी निवडलं. शंभर. एकशे पाच. मालनबाई ओठ हलवत वाचत होत्या. एकशे दहा. दोन वाजून गेले होते. एकशे बारा आलं तसे श्रीरंगराव नकळत पुढे झुकले. थांबा, मालनबाई. काहीतरी राहिलंय इथे, तुमच्या लक्षात येईल.

मालनबाईंनी पान उलटलं. पापणीसुद्धा लवली नाही.

त्या क्षणी श्रीरंगरावांना कळलं की आपण जिथे चाळीस वेळा उभे राहिलो, तिथे दुसऱ्या कुणाला काही दिसतच नाही. त्या पानातलं भोक त्यांना आणि मृदुलालाच दिसत होतं. जगाच्या दृष्टीने रखमा घाबरली आणि उभी राहिली, आणि हे त्यांनीच जगाला सांगितलं होतं, लेखी, सहीनिशी.

तीन वाजले. मालनबाईंचे डोळे पाणावायला लागले, त्या पदराने टिपून पुन्हा वाचायला लागल्या. साडेतीनला त्यांची सून बोलवायला आली, तिला त्यांनी हातानेच घालवून दिलं. चारला पान एकशे सत्तर. शबाना आतार आपलं काम आटोपूनही बसून राहिल्या होत्या. साडेचारला एकशे शहाऐंशी. मालनबाई आता एकेका ओळीवर दोनदा येत होत्या. डोळे दमले होते. श्रीरंगराव भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं सोडून जमिनीकडे पाहू लागले. दार वाजलं. मृदुला आत आली आणि दाराजवळच उभी राहिली.

पान एकशे सत्त्याण्णववर पाटी विझली. मग तिच्यावर पाच शब्द आले : हे पुस्तक आता उपलब्ध नाही.

"आगं बया," मालनबाई म्हणाल्या. "गेलं की. आता कुठं तिच्या कोरटातलं चाललं होतं." त्यांनी पाटी दोन-तीनदा थोपटली आणि मग त्यांना मृदुला दिसली. "बरं झालं तू आलीस. मला एक सांग, त्या रखमाची नोकरी गेली कशापायी? तिनं तर काही केलंच न्हाई. निस्ती उभी राहिली बिचारी, घाबरून. की सोडलं तिनं पाणी?"

मृदुलाने श्रीरंगरावांकडे पाहिलं. "यांना विचारा."

हॉलमधली सगळी माणसं बघत होती. शबाना आतार बघत होत्या. श्रीरंगराव कपाटापाशी गेले आणि 'टेलचं पाणी'ची कागदी प्रत काढून आणली. आज तिच्यावर 'बाद'चा शिक्का मारणं त्यांचंच काम होतं. त्यांनी पान एकशे बारा उघडलं. पुस्तकात पेन्सिलीची रेघ दिसली तरी सभासदाला चारचौघांत झापणाऱ्या या माणसाने खिशातून पेन काढलं आणि पानाच्या तळाशी, कोऱ्या जागेत, लिहिलं.

"सोडलं," ते म्हणाले. "तिने चाक फिरवलं, मालनबाई. ती ओळ पुस्तकात होती. प्रेसची चूक नव्हती. शेवटची मुद्रितं माझ्याकडे आली होती आणि मी न वाचता सही केली." मग ते मृदुलाकडे वळले. "म्हणून थांबत होतो. आवडतं म्हणून नाही."

"माहीत आहे मला," मृदुला म्हणाली. "प्रेसच्या मालकाने तेव्हाच तुमची सही दाखवली होती."

"तेव्हाच? मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. तेवीस वर्षं." इतके दिवस न फुटलेलं रडू तिला आता फुटलं, सगळ्यांदेखत. मालनबाईंनी उठून तिला आपल्या खुर्चीत बसवलं.

श्रीरंगरावांनी शिक्का शाईत टेकवला आणि पहिल्या पानावर मारला. 'बाद'. खाली तारीख घातली, सही केली. शबाना आतारांनी नोंद घेतली, त्या चौघा वाचकांची नावं सांगता येत नाहीत म्हणून मृदुलाची माफी मागितली आणि गेल्या. एक एक करून वाचकही उठले. मालनबाई जाताना ती कागदी प्रत काखेत मारून घेऊन गेल्या. बाद झालेल्या पुस्तकाला कुणाची परवानगी लागत नाही, असं त्या म्हणाल्या.

मृदुलाने डोळे पुसले आणि खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली. आतून कागदांची चळत काढली. एकशे नव्वद पानं, वरचं अजून मोकळंच. ती तिने श्रीरंगरावांच्या पुढ्यात सरकवली.

"ते चाळीस जण आता नाहीत," ती म्हणाली. "हे पुढे लिहायचं की नाही ते मला कळत नाहीये. वाचा तुम्ही. प्रत्येक ओळ. आणि मग खाली सही करा."

श्रीरंगरावांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि पहिलं पान उघडलं.